मे महिन्यातली परसबाग : तुमच्याकडे काय जगलंय, काय फळतंय? (इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा)

रामबागची_वेल · २१ मे, सकाळी

नमस्कार मंडळी. मे उजाडला की ओळखीतले लोक मला हमखास विचारतात, ताई या उन्हात भाज्या लावायच्या का बाग तशीच सोडून द्यायची पावसापर्यंत. म्हणून यंदा इथेच सविस्तर लिहिते, तुम्हीपण आपापलं लिहा म्हणजे नवीन लोकांना सगळं एका ठिकाणी सापडेल.

आमचं घर इंदूरला रामबागेत, जुन्या पद्धतीचं, मागे परस अजून शाबूत आहे. माती आपली माळव्याची काळी. पारा ४१-४२ ला टेकतोय पण रात्री वारा सुटतो आणि अंगण गार होतं, झाडांना त्या रात्रीचाच आधार आहे.

सध्याची स्थिती अशी. फेब्रुवारीत टोकलेली भेंडी आणि गवार ऐन भरात आहे, एक दिवस तोडायची राहिली की भेंडी जून होते इतका वेग आहे. लाल माठ कापला की परत फुटतो. दुधी, गिलकी (पुण्यामुंबईच्या लोकांसाठी, घोसाळी) आणि दोडका अक्षय्य तृतीयेला आळी करून लावला, आमच्याकडे आजीपासून हीच रीत आहे, ते वेल आता सुतळी धरून वर चढायला लागलेत. एक दुधी जुना आहे, मार्चचा, त्याला फळं आहेत. पुदिना आंब्याखाली सावलीत मजेत. पालक फुलावर गेला तो उपटून तिथे चवळी टोकली. टोमॅटोला फुलं येतात आणि देठापासून गळून पडतात. मिरची नुसती उभी आहे, तिला मी काही मागत नाही सध्या.

माझं सगळं लक्ष मे महिन्यात मुळांवर असतं. वर पानं कोमेजली, फुलं गळली तरी चालेल, पण खाली मुळं थंड आणि जिवंत राहिली तर मृगाच्या पहिल्या पावसावर तेच झाड असं काही उसळतं की जूनमध्ये नवीन लावलेलं रोप त्याच्या जवळपास येत नाही. त्यामुळे मे महिन्यातली प्रगती टोपलीत मोजायची नसते असं मला मनापासून वाटतं.

आच्छादन सगळ्यात महत्त्वाचं. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, त्या भेगांतून खालची ओल तर उडतेच पण बारीक मुळंही तटातट तुटतात, आणि हे वरून कळत नाही. म्हणून आधी खुरप्याने वरवर माती हलवून भेगा बुजवायच्या, मग पाणी, मग वर चार बोटं जाड थर. मी रसवंतीवरून उसाची चिपाडं आणते, ते लोक फुकट देतात. पण ती दोन-तीन दिवस उन्हात कडक वाळवून मगच टाका नाहीतर मुंग्या लागतात. एप्रिलमध्ये गव्हाचा भुसा मिळतो तोही छान.

तुमच्याकडे काय चाललंय?

लष्करवाले_दादा · २१ मे

ताई नमस्कार, ग्वाल्हेरहून. तुमचं ४२ ऐकून हेवा वाटला. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची लू अशी चालते की पान हातात घेतलं तर चुरा होतो, आणि रात्रीसुद्धा भिंती गरम असतात, तुमच्या माळव्यासारखी थंडी नाही पडत. मी पश्चिमेच्या बाजूला जुन्या गोणपाटाचा पडदा बांधलाय, संध्याकाळपर्यंत दोनदा ओला करतो. फक्त तेवढ्यानेच वांगी वाचली आहेत. मला तर वाटतं आमच्याकडे उन्हापेक्षा वारा जास्त मारतो.

गवार एक नंबर. पुसा नवबहार लावली आहे, तिला जणू उन्हाळाच पाहिजे. पण भेंडीचं दुःख आहे. पानांच्या शिरा पिवळ्या, मग पूर्ण पान पिवळं, भेंड्या पण पांढरट पिवळ्या आणि वाकड्या येऊन राहिल्या. खत दिलं, काही फरक नाही. काय करू?

काळी_माती_काका · २१ मे

लष्करवाले, हा खताचा प्रश्न नाही, हा विषाणू आहे. पिवळ्या शिरांचा रोग, पांढरी माशी पसरवते. रोग लागलेलं झाड बरं होत नाही, कितीही काही घाला. जी झाडं पूर्ण पिवळी पडली ती आजच मुळासकट उपटा, ठेवलीत तर तिथूनच माशी शेजारच्या झाडांवर नेईल. राहिलेल्यांच्या मध्ये पिवळे चिकट सापळे लावा, माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते. पानांच्या खालच्या बाजूला कडुलिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब साबण घालून, पण सूर्य मावळल्यावरच. ४० च्या वर तेल फवारून वर ऊन लागलं की पानं भाजतात, आणि मग लोक म्हणतात कडुलिंबाने झाड मेलं.

पुढच्या वेळी परभणी क्रांती घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ च्या सुमाराला काढलेली जात, या रोगाला दाद न देणारी म्हणूनच गाजली. आता बऱ्याच ठिकाणी तिलाही थोडाफार रोग येतो हे खरं, पण साध्या बियाण्यापेक्षा तरी बरी.

आणि रामबागताई, टोमॅटोबद्दल. फुलगळ हा उष्णतेचा परिणाम आहे. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २१-२२ च्या वर राहिलं की परागकण नीट तयार होत नाहीत, फूल फळल्याशिवाय गळतं. जी फळं आधी धरली ती पण नीट लाल होत नाहीत, कारण तो लाल रंग साधारण ३० च्या वर तयार होणं मंदावतं, म्हणून मे महिन्यातले टोमॅटो पिवळट केशरी राहतात. असे टोमॅटो रंग फिरायला लागला की तोडून घरात टोपलीत ठेवा, घरात छान लाल होतात. झाड ठेवायचं की काढायचं हा तुमचा निर्णय, मी तर वरचे शेंडे छाटून ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली ठेवतो.

अगाशीवाली_मावशी · २१ मे, रात्री

बडोद्याहून सगळ्यांना नमस्कार. आमच्याकडे परस नाही, दांडिया बाजारातलं जुनं घर आणि वर अगाशी (म्हणजे गच्ची), सगळी बाग तिथेच. ऊन तुमच्यापेक्षा थोडं कमी असेल पण मेच्या शेवटाला दमटपणा चढतो आणि अगाशीची फरशी अशी तापते की पाय ठेववत नाही.

कुंड्यांचा प्रश्न जमिनीपेक्षा वेगळा आहे हो. जमिनीत मुळाला खाली पळायला जागा असते, कुंडीत चारी बाजूंनी ऊन. काळ्या ग्रो बॅग तर मे महिन्यात भट्टी. मी काय करते, सगळ्या बॅगा विटांवर उचलून ठेवते म्हणजे खालून वारा फिरतो आणि फरशीचा चटका लागत नाही, बाहेरून जुनं गोणपाट किंवा पांढरा कपडा गुंडाळते, आणि सगळ्या एकमेकींना चिकटून ठेवते, मोठी झाडं पश्चिमेला आणि पुदिना, कोथिंबीर, मिरचीची रोपं त्यांच्या सावलीत. एक प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवली तर आतली माती बरीच गार राहते, मिरचीसाठी नक्की करून बघा.

माझ्याकडे आत्ता चवळीच्या शेंगा, गवार, तोंडली आणि अळू चांगलं चाललंय. कारली पण लागली आहेत. एक प्रश्न, कूलरचं पाणी झाडांना घातलं तर चालतं का? रोज बादलीभर निघतं, टाकवत नाही.

काळी_माती_काका · २२ मे

मावशी, कुंड्यांना नको. कूलरमध्ये पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात, आणि रोज वरून नवीन पाणी भरत गेलात की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. कुंडीतून ते क्षार बाहेर निघायला जागा नसते, पानांच्या कडा जळायला लागतात. पिण्याचं पाणी गाळणाऱ्या आरओ मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं त्याचीही तीच गोष्ट. जमिनीत मोठ्या झाडाला अधूनमधून घातलं तर एक वेळ ठीक. एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते वेगळं, ते हवेतली वाफ थंड होऊन आलेलं, त्यात क्षार नसतात, ते खुशाल घाला. आणि डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी तर सोन्यासारखं.

सुदामानगर_नवीन · २२ मे

हॅलो सगळ्यांना, मी इंदूरचीच, सुदामा नगर. पहिल्यांदाच दुधी लावलाय. वेल मस्त पसरलाय, पांढरी फुलं रोज येतात पण एकही दुधी नाही :( रोज सकाळी फुलं मलूल पडलेली दिसतात. दोन-तीन वेळा छोटासा दुधी आला पण तो पिवळा पडून गळून गेला. आई म्हणते नजर लागली. काय कमी आहे, कुणी सांगा प्लीज

रामबागची_वेल · २२ मे

अगं नजरबिजर काही नाही, काळजी करू नकोस, वेल छान आहे म्हणतेस ना मग निम्मं काम झालं.

दुधीला नर फुलं आणि मादी फुलं वेगळी येतात. लांब बारीक देठावर नुसतं फूल ते नर, आणि फुलामागे इवलासा लव असलेला दुधी असतो ते मादी. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलं येतात आणि कडक ऊन, मोठा दिवस असला की नरांचं प्रमाण आणखी वाढतं. ती गळणारच, ती फळायची नसतातच. आणि जो छोटा दुधी पिवळा पडून गळला ना, ते मादी फूल होतं पण त्याला पराग मिळाला नाही.

आता मुख्य गोष्ट. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं! म्हणून ते पांढरं असतं, रात्रीच्या पतंगांना दिसावं म्हणून. शहरात घराभोवती इतके दिवे आणि इतकी फवारणी असते की पतंग येतातच असं नाही. तर तू संध्याकाळी साडेसहा-सातला जा, ताजं उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या मागे वळव आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरव. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. दोन-चार दिवसांत दुधी वाढायला लागला, देठ खाली वाकला, की समज फळ धरलं.

दोडक्याचं फूलही दिवस कलतानाच उमलतं. गिलकी, कारली, काकडी, भोपळा यांची सकाळी, त्यांना मधमाशा येतात, त्यामुळे सकाळी बागेत काहीही फवारायचं नाही, कितीही घरगुती असलं तरी.

सुदामानगर_नवीन · २२ मे

ताई मला हे कुणीच सांगितलं नव्हतं!! आज संध्याकाळी करते. अजून एक, यूट्यूबवर थ्री-जी कटिंग बघितलं, ते करू का?

विजयनगर_गार्डनर · २२ मे

कर बिनधास्त. मी करतो. मुख्य वेल सहा-सात पानांवर आला की शेंडा खुडायचा, मग ज्या बाजूच्या फांद्या येतात त्यांचाही शेंडा खुडायचा, आणि त्यांच्यावर ज्या तिसऱ्या फांद्या फुटतात त्यांच्यावर मादी फुलं भरपूर येतात. लौकीमध्ये रिझल्ट एकदम क्लिअर दिसतो.

रामबागची_वेल · २२ मे

विजयनगर, तत्त्व बरोबर आहे, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात हे मीही बघितलंय. पण मेच्या चौथ्या आठवड्यात, नौतपा (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या तोंडावर, मी एकही शेंडा खुडू देणार नाही. आत्ता वेलाला पानं हवीत, ती पानंच खालची माती झाकतात, खोड झाकतात. शेंडा खुडला की नवी कोवळी फूट येते आणि ती या उन्हात करपते. पहिल्या पावसानंतर खुडा, तेव्हा वेल आठ दिवसांत भरून निघतो. सुदामानगर, तू आत्ता फक्त संध्याकाळचं परागण कर.

विजयनगर_गार्डनर · २२ मे

माझ्याकडे नेट आहे वर त्यामुळे करपत नाही. पण उघड्यावर असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

लष्करवाले_दादा · २३ मे

काकांच्या सांगण्यावरून पिवळी झाडं उपटली, बरीच गेली, मन खूप खट्टू झालं पण शेजारची हिरवी आहेत अजून. आता पाण्याचं विचारतो. मी दिवसातून तीनदा थोडं थोडं घालतो तरी दुपारी भोपळ्याची पानं लोळण घेतात. अजून वाढवू का?

काळी_माती_काका · २३ मे

वाढवू नका, उलट वेळा कमी करा. भोपळ्याची मोठी पानं दुपारी लोंबतातच, ती त्याची स्वतःला वाचवायची रीत आहे, पानं खाली झुकवून ऊन कमी अंगावर घेतो. संध्याकाळी परत ताठ झाली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सूर्य वर यायच्या आधी पानं मलूल दिसली तर मात्र झाड खरंच तहानलेलं. पाणी घालायचं की नाही हे सकाळी सहाला ठरवायचं, दुपारी दोनला नाही.

थोडं थोडं घातलेलं पाणी वरच्या दोन इंचांत राहतं, मुळं तिथेच वर येऊन बसतात आणि तिथेच माती सगळ्यात जास्त तापते. एकदाच पण खोल द्या, पहाटे किंवा रात्री. तुमच्याकडची माती हलकी, रेताड असेल तर रोज एकदा, आमच्या काळ्या मातीत आच्छादन असेल तर दोन दिवसांआड पुरतं. बोट खुपसून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर थांबा.

अजून एक, पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी अक्षरशः कढत असतं. ते बादलीत काढून घ्या, थेट खोडावर सोडू नका.

अगाशीवाली_मावशी · २३ मे

काका कुंड्यांना दोन दिवसांआड नाही हो पुरत, आमचं रोज सकाळी आणि अगदी लाहीलाही झाली तर संध्याकाळी पण. कुंडीची माती हातभर नसते.

काळी_माती_काका · २३ मे

बरोबर मावशी, मी जमिनीबद्दल बोलत होतो. कुंडीला रोज, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत.

रामबागची_वेल · २३ मे

पाण्यावरून आठवलं, मटक्याचं लिहायचं राहिलं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, ते जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवत आणलेलं, त्यातला लोटाभर वाया गेला तरी मला वाईट वाटतं. तर वेलांच्या आळ्यात मधोमध साधं कच्चं मातीचं मटकं गळ्यापर्यंत पुरायचं, रंगवलेलं किंवा चकचकीत नको, ते झिरपत नाही. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं, डास होत नाहीत. भोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया. माती कोरडी झाली की पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं, ओली असली की थांबतं, झाड आपल्याला लागेल तेवढंच घेतं. गावाला जायचं असलं तरी चिंता नाही. बोरिंगच्या जड पाण्याने मटक्याची भोकं हळूहळू बुजतात, तेव्हा वर्षाआड बदलावं लागतं. बाहेर पांढरा क्षार दिसला की काढून टाका. मार्चमधला जो दुधी आज फळतोय तो मटक्याचाच आहे, बाकीच्या आळ्यांना आता मटकी पुरणं अवघड कारण मुळं दुखावतील.

महू_रोडवरून · २४ मे

वाचतोय सगळं, खूप छान धागा. माझ्या गिलकीत आणि कारल्यात आतून अळ्या निघतात, बाहेरून एक बारीक टोचा दिसतो आणि तिथे फळ वाकडं होतं. शेजाऱ्यांनी फळमाशीचा सापळा आणून दिला, आंब्याच्या झाडाला लावतात तो, त्यात माशा पडतात खूप पण कारली तशीच किडतात.

काळी_माती_काका · २४ मे

कारण माशी वेगळी आहे! आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉलची वडी असते, त्याला आंबा-पेरूची माशी येते. वेलवर्गातल्या भाज्यांच्या माशीला क्यू-ल्युअर नावाची वडी लागते, दुकानात तसं नाव घेऊनच मागा. दोन्ही वड्यांना फक्त नरच येतात, म्हणून एका सापळ्याने चमत्कार होत नाही, सोबत स्वच्छता लागते. टोचलेली फळं वेलावर किंवा जमिनीवर एकही राहू देऊ नका, आणि ती कंपोस्टात मुळीच टाकू नका, अळी तिथून मातीत उतरून कोष करते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, या महिन्यात ऊन तेवढं फुकट काम करून देतं. आणि बोटाएवढं फळ झालं की कागदाची पिशवी किंवा जुन्या ओढणीचा तुकडा बांधा. घरच्या बागेत यासारखा उपाय नाही.

महू_रोडवरून · २४ मे

धन्यवाद काका, हे फारच कामाचं. कंपोस्टात टाकत होतो ते आजपासून बंद. कंपोस्टवरून विचारतो, माझा ढीग उन्हाळ्यात नुसता वाळून पडलाय, कुजतच नाही.

रामबागची_वेल · २४ मे

यावर मला थोडं जास्त लिहायचंय कारण हा आपल्या इंदूरचा विषय आहे आणि आपल्याच लोकांना फार कमी माहिती असतो.

जगभर सेंद्रिय शेतीवाले ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती इथे, आपल्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर तयार झाली. १९२४ साली तिथे वनस्पती संशोधनाची संस्था निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक, आणि त्यांच्या जोडीला काम करणारे यशवंत वाड, मराठी नाव. १९३१ ला दोघांनी मिळून या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. इथल्या शेतकऱ्यांकडे शेण होतं पण ते गोवऱ्यांत जळत होतं, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या, काडीकचरा वाया जात होता, त्या दोन्हींची सांगड त्यांनी घातली. १९३५ ला गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा तेही ही पद्धत पाहून गेले. आपण स्वच्छतेचे क्रमांक अभिमानाने सांगतो, सांगावेतच, पण कचऱ्याचं सोनं करायचं शास्त्र या गावात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे याचा मला जास्त अभिमान वाटतो.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पद्धतीत आहे. त्यांनी उन्हाळ्या-हिवाळ्यात खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग असं सांगितलंय. खड्ड्यात वारा कमी लागतो, ओल टिकते, आणि पावसाळ्यात तोच खड्डा पाण्याने भरेल म्हणून वर ढीग. तुम्ही आत्ता उघड्यावर ढीग केलाय म्हणून तो वाळतोय. घरापुरता तीन बाय तीन फूट, दोन फूट खोल खड्डा पुरे. तळाला काड्या, मग वीतभर सुका पालापाचोळा, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, मग शेणाचा काला शिंपडायचा, वर मूठभर माती आणि अगदी चिमूट राख, मग परत पाला. प्रत्येक थराला पाणी. मुठीत दाबलं तर ओल जाणवली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. पंधरा दिवसांनी खालीवर, परत पंधरा दिवसांनी, मग महिन्याने एकदा, तीन महिन्यांत तयार. वरून गोणपाट झाका आणि तेही ओलं ठेवा.

काळी_माती_काका · २४ मे

राख खरंच चिमूटच. आपली काळी माती आधीच विम्लधर्मी (अल्कधर्मी), लोक कोकणातलं वाचून इथे टोपलीभर राख आणि चुना घालतात, मग नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं, ते लोह मिळत नसल्याचं लक्षण.

सुदामानगर_नवीन · २६ मे

ताईईई, दुधी धरला!! परवा संध्याकाळी केलं होतं त्यातले दोन फुगायला लागलेत, देठ पण वाकलाय. आईला दाखवलं, ती आता स्वतःच संध्याकाळी टॉर्च घेऊन फुलं शोधते.

रामबागची_वेल · २६ मे

वा! किती आनंद झाला वाचून. आईंना नमस्कार सांग. आता एक फार महत्त्वाचं ऐक. उन्हाचा, पाण्याचा ताण बसला की दुधीत, काकडीत कडूपणा उतरू शकतो. दुधी चिरला की आधी छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा. जरासुद्धा कडू लागला तर थुंकायचं, चूळ भरायची आणि पूर्ण दुधी टाकून द्यायचा, शिजवूनही तो कडूपणा जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनी यावर मुद्दाम सूचना दिलेल्या आहेत. घरी कुणी सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घेत असेल तर त्यांना हे आजच सांग. घरचा आहे, सेंद्रिय आहे म्हणून सुरक्षित असं इथे समजायचं नाही.

अगाशीवाली_मावशी · २६ मे

अगदी खरं. माझे यजमान रोज घ्यायचे, आता मी चाखल्याशिवाय मिक्सर लावत नाही.

वांग्याच्या पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय, काय असेल?

काळी_माती_काका · २७ मे

लाल कोळी. कोरडी गरम हवा त्याला आवडते. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा, तीन-चार दिवस सलग. कीटकनाशक नको, त्याने कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी आणखी वाढतो. फार जाळी झालेली पानं काढून टाका.

विजयनगर_गार्डनर · २८ मे

पावसाळ्याची तयारी कुणी सुरू केली का? मी वांगी-मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकलं, नेटखाली.

रामबागची_वेल · २८ मे

हो, हीच वेळ. वांगी, मिरचीची रोपं आत्ता सावलीत टाकली की महिना-सव्वा महिन्यात लावणीजोगी होतात, तोवर पाऊस स्थिरावलेला असतो. हळद, आलं, अळू मी याच आठवड्यात लावते. आणि काळ्या मातीवाल्यांनी आत्ताच वाफे वीतभर उंच करून घ्या आणि मधून चर काढा, कारण हीच माती जी आज भेगाळते ती जुलैत पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मांडवाचे बांबू पण आत्ताच रोवा, पावसात खड्डे खणले की माती पायाखाली तुडवून घट्ट होते.

भेंडीची दुसरी पेरणी जूनच्या पहिल्या पावसावर. बी रात्रभर भिजवून.

महू_रोडवरून · २९ मे

खड्डा खणला, थर लावले, दुसऱ्याच दिवशी हात घातला तर आत चांगलंच गरम! म्हणजे चालू झालं ना?

काळी_माती_काका · २९ मे

झालं. ६० अंशांपर्यंत चढेल, तणाचं बी आणि रोगजंतू त्यातच मरतात. थंड व्हायला लागलं की खालीवर करा, मध्ये उकरू नका.

लष्करवाले_दादा · ३० मे

नौतपा जोरात आहे इथे. पण एकदाच खोल पाणी आणि भुशाचं आच्छादन केल्यापासून भोपळा संध्याकाळी ताठ उभा राहतो. गवार घरात खाऊन संपेना, शेजारी वाटतोय. मावशी तुमच्या तोंडलीची काडी मिळेल का, जूनमध्ये बडोद्याला येतोय भाचीच्या लग्नाला.

अगाशीवाली_मावशी · ३० मे

या की! काडी पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काढून ओल्या फडक्यात गुंडाळून देईन. फळ देणाऱ्या वेलाचीच देते, बियांपासून लावलं तर निम्मे वेल नर निघतात आणि वर्ष जातं. पोचल्यावर लगेच सावलीत लावा, दोन डोळे मातीत, दोन वर. आणि येताना तुमच्या गवारीचं थोडं बी आणा.